लेनार्टचं अळणी पथ्य

एर्मेलिंदाला सवती किती, हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही. त्या माणसं असत्या तर एकेकीच्या झिंज्या उपटून ती मोकळी झाली असती. पण नवऱ्यानं, म्हणजे तेओबाल्दोनं, तरुणपणापासून संसार मांडले ते जंगलातल्या झाडांशी. झाडाकडून विद्या घ्यायची तर त्याचं पथ्य धरावं लागतं. त्याचा काढा प्यायचा, गावाबाहेरच्या झोपडीत एकट्यानं पडून राहायचं. मीठ नाही, साखर नाही, मिरची नाही, तेल नाही, डुकराचं मटण नाही, आणि बायकोकडे तर बघायचंसुद्धा नाही. मग कधीतरी झाड खूश होतं आणि रोग बरा करणारं गाणं शिकवतं. झाडं मोठी मत्सरी. जिभेवर मिठाचा कण पडला तरी त्यांना कळतं, आणि मग माणसाची अशी दशा करतात की बायको परवडली.

"लग्न करून ह्यानं मला एकटीला आणलं," एर्मेलिंदा म्हणायची, "पण वरात मागून येतच राहिली. आधी तंबाखू आली, मग लसूणवेल आली, मग ती काटेवाली आली. बरं, नांदायच्या त्या आणि रांधायचं मी!"

हे मात्र खरं होतं. पथ्यावरच्या माणसाचं जेवण कुणीही शिजवून चालत नाही. विटाळ गेलेली, पोरंबाळं वाढवून झालेली म्हातारी बाई लागते, आणि तेओबाल्दोचा विश्वास एकट्या एर्मेलिंदाच्या हातावर. बाकी जगाबद्दल त्याला शंका असायच्या, पण तिच्या पातेल्याबद्दल कधीच नाही.

आता म्हातारपणी त्याचं नाव झालं होतं. उकायाली नदीच्या काठानं पेके-पेके, म्हणजे फटफट इंजिनाच्या होडीतून पाहुणे येत, सगळे गोरे, सगळे घामाघूम, आणि सगळ्यांना आपण कोण आहोत हे शोधायचं असायचं. लेक नेलिदा पुकाल्पा शहरात शिकलेली, फोनवरून ती ठरवाठरव करायची आणि इथं मधे बसून दोन्हीकडचं बोलणं सांगायची. पाहुणे तेओबाल्दोला 'माएस्त्रो', म्हणजे गुरुजी, म्हणत आणि एर्मेलिंदाला सरळ 'आई' म्हणत. ह्या लोकांना इथं आलं की आया फार सुचतात. घरच्या आईला फोन करा म्हटलं तर तोंड फिरवतील.

लेनार्ट आला तो कोरड्या दिवसांत. स्वीडनचा, पन्नाशीचा, लिफ्ट तपासायचं काम करणारा. आमच्याकडे लिफ्ट कुठली! नेलिदानं समजावलं की उंच इमारतीत माणसं वर-खाली करणारी पेटी असते, ती नियमात आहे की नाही ते हा बघतो. माणूसही तसाच, नियमातला. चपला काढल्या तर एकीला एक लावून ठेवायचा. एवढा उंच की आमच्या दारातून येताना दर वेळी वाकायचा आणि तरी दर वेळी कपाळ आपटून घ्यायचा.

"आई, ह्याला रडायचंय," नेलिदा म्हणाली.

"मग रड म्हणावं. कुणी धरलंय?"

"येत नाही म्हणतो. मागल्या वर्षी आई वारली, तेव्हापासून डोळ्याला पाणी नाही. सगळे उपाय केले म्हणे. माणसांना पैसे देऊन त्यांच्यासमोर बसून बोलून आला, बर्फाच्या पाण्यात बसून आला. काही नाही."

अंगणात बायका घागऱ्यांवर नक्षी भरत बसल्या होत्या. त्या अशा खिदळल्या की एकीनं सुई बोटात घुसवून घेतली. "रडायला समुद्र ओलांडून आला?" रुफिना म्हणाली. ही शेजारीण, जिभेला हाड नसलेली. "माझ्या सासूकडे ठेव त्याला आठवडाभर. नळासारखा वाहील!"

लेनार्टला वाटलं, त्या स्वागत करतायत. त्यानं छातीवर हात ठेवून सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि त्या आणखीच हसल्या.

तेओबाल्दोनं पहिल्यांदा त्याला वेलीचा काढा दिला, आयावास्का. रात्रभर गाणी म्हटली. लेनार्ट ओकला भरपूर, दिसलं मात्र काही नाही. सकाळी तोंड पाडून बसला. बाकीच्यांना साप दिसतात, जग्वार दिसतात, पणजी दिसते, मलाच का नाही, असं विचारायला लागला.

"माझ्या आजोबांच्या वेळी रोगी चटईवर गुमान पडायचा आणि काढा वैद्य प्यायचा," तेओबाल्दो विडी ओढत म्हणाला. "हल्ली रोग्यांनाच प्यायचं असतं. डॉक्टरचा चष्मा तू घातलास तर तुला काय दिसणार? पण एवढ्या लांबून येता, नाही म्हणणं बरं दिसत नाही. तुला मी बघितलंय रात्री. छातीवर झाकण बसलंय तुझ्या. बोबिन्सानाचं पथ्य धर."

बोबिन्साना म्हणजे आमच्या नदीकाठचं झुडूप. गुलाबी, पिसांसारखी फुलं. पूर येतो, दगड वाहून जातात, पण ते वाकून उभंच. त्याचं पथ्य धरलं की आत साचलेलं वाहायला लागतं म्हणतात. एर्मेलिंदानं नाक मुरडलं. गुलाबी सवत तिला कधीच आवडली नव्हती.

पथ्य सुरू झालं, लेनार्ट लांबच्या झोपडीत गेला आणि एर्मेलिंदा रोज दुपारी केळीच्या पानात उकडलेलं हिरवं केळं आणि उकडलेला बोकिचिको मासा घेऊन जायला लागली. सगळं अळणी. काटे निवडायचे आणि गिळायचं.

आता पथ्य पाळायलाही पद्धत असते. बाकीचे पाहुणे पहिल्यांदा शूर असतात, मग पिशवीच्या तळातून चॉकलेट निघतं. तेओबाल्दोला वास येतो. तो मुकाट्यानं पथ्य उतरवतो आणि हसून घरी पाठवतो, झाडाचा कोप नको म्हणून. पण हा बाबा! कधी केळं भाजून दिलं तर त्याला लागलेल्या राखेत मीठ असतं का, असं त्यानं नेलिदाला विचारलं. असेल म्हटल्यावर राखही धुऊन खाल्ली. दिवसेंदिवस वाळत चालला. विजार पोटावर सुतळीनं बांधली. गालांची हाडं अशी वर आली की त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत. तरी पान पुढ्यात आलं की ताठ बसून शेवटच्या घासापर्यंत संपवायचा. भूक म्हणून नाही हं. कुणीतरी सांगितलेली शिक्षा भोगावी, तसा. आणि वर म्हणायचा, "धन्यवाद, आई."

एर्मेलिंदाला ते बघवेना. उपाशी माणूस तिनं पाहिला होता, आजारी पाहिला होता, पण असा जेवणारा नव्हता पाहिला. परत येताना वाटेत ती झाडाला शिव्या घालायची, "हडळे, खाल्लंस की त्याला! आता तरी दे चार थेंब!"

आणि एका दुपारी तिनं ते केलं. ह्यात मी तिची बाजू घेणार नाही. चूक ती चूक. घरच्या रश्शासाठी मिठाची वाटी बाहेर काढलेली, शेजारी त्याचा मासा वाफाळत होता. हात गेला. चिमूटभर, बस्स. इकडेतिकडे बघितलं, कोंबडीशिवाय कुणी नव्हतं. पान बांधलं आणि निघाली.

लेनार्टनं पहिला घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग मान खाली घालून असा जेवला की काट्यांनाही मांस उरलं नाही. शेवटी त्यानं पान चाटलं. लिफ्टवाल्या माणसानं! एर्मेलिंदा पाठ फिरवून उभी राहिली, कारण तिला हसू येत होतं आणि रडूही.

संध्याकाळी हा गडी झोपडीतून धावत तेओबाल्दोकडे आला. "माएस्त्रो, झाड बोललं! आज माशात मला अख्खी नदी लागली! जीभ उघडली माझी!"

तेओबाल्दोची छाती फुगली. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "एवढ्या लवकर जीभ उघडलेला मी दुसरा नाही पाहिला. गोऱ्यांत असा निघणं म्हणजे नवल आहे."

"नवलच," एर्मेलिंदा म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला लागली. चूल तर चांगली पेटलेली होती.

एकदा घातलेलं मीठ दुसऱ्या दिवशी काढून घेणार कसं? झाड गप्प झालं म्हणून बिचारा हबकला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी घातलं, तिसऱ्या दिवशी घातलं. लेनार्टच्या गालांवर रंग आला. तो पक्ष्यांना शीळ घालायला लागला. तेओबाल्दो जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगायला लागला, खालच्या गावच्या वैद्यालासुद्धा, ज्याच्याशी त्याचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं. एर्मेलिंदाला घास गोड लागेना. इकडे ह्याचं नाव वाढतंय आणि त्या नावाखाली आपणच सुरुंग ठेवलाय, हे तिला कळत होतं.

मग लेनार्टच्या अंगावर चट्टे उठले. मानेवर, पाठीवर, लालभडक. झोप उडाली. झोपलाच तर ओरडत उठायचा. डासांनीही असं होतं म्हणा, पण तेओबाल्दोनं पाठीवर धूर सोडून नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"झाड रागावलंय. काय खाल्लंस?"

"आई देते तेच."

"बाईचा विचार केलास?"

लेनार्टनं एकेक दिवस बोटांवर मोजला. मग त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की स्वप्नात एकदा पाव विकणारी बाई आली होती, पण तिनं फक्त सुटे पैसे परत दिले. आणि हो, पहिल्या दिवशी दात घासताना थोडी पेस्ट गिळली गेली होती. "ती पेस्टच असणार," तो म्हणाला. "माझीच चूक." आणि मग दाराला कपाळ न आपटता, वाकून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं नेलिदाला बोलावलं. ती परत आली ती हळू चालत. "आई, तो चाललाय. उद्याच्या होडीनं. म्हणतो, माणसांना कळलं नव्हतं ते झाडाला कळलं. माझ्या आतच काहीतरी खोट आहे, मी रडायच्या लायकीचाच नाही. आता पुन्हा कुठं जाणार नाही म्हणाला, काही शोधणारही नाही."

 एर्मेलिंदाचा मावसभाऊ पथ्यात डुक्कर खाऊन बसला होता. तो अजून नदीकाठी स्वतःशी बोलत हिंडतो. आणि त्यानं खाल्लं ते निदान स्वतःच्या हातानं. ह्याला तर तिनं खाऊ घातलं होतं, आणि हा सगळा दोष पाठीवर बांधून सातासमुद्रापार न्यायला निघाला होता. बोललं तर नवऱ्याची अब्रू जाते आणि न बोललं तर हा माणूस जातो. असं दोहींकडून पेचात सापडल्यावर बाई काय करणार? आधी घरात बोलणार.

तेओबाल्दो झोळीत पडून विडी ओढत होता. "म्हाताऱ्या, ऊठ," ती म्हणाली. "त्याच्या माशात मी मीठ घालत होते."

झोळी हलायची थांबली. विडी विझली.  तेओबाल्दो एवढंच म्हणाला, "माझ्या पातेल्यात कधी घातलं होतंस का?"

"तुझ्या? कध्धी नाही. एक कण नाही."

"मी तर मरायला टेकलो होतो त्या काटेवालीच्या वेळी."

"टेकला होतास."

"तरी नाही?" म्हाताऱ्याच्या आवाजात राग होता की रुसवा, तिला कळेना. "एकदाही दया आली नाही तुला माझी?"

"रोज आली रे! पण तू गाणी आणायला गेला होतास. तुला उपाशी ठेवणं हे माझं काम होतं, ते मी रडत रडत केलं. हा पोरगा गाणी न्यायला नाही आलेला. हा शिक्षा मागायला आलाय. तू त्याला जेवताना बघितलंयस का कधी?"

नव्हतं बघितलं. तेओबाल्दोनं विझलेली विडी कानावर ठेवली. "जा, तू सांग त्याला," तो म्हणाला. "मीठ तू घातलंस, तोंड मी का उघडू? आणि पथ्य उतरवल्याशिवाय त्याला होडीत पाय ठेवू देऊ नकोस, काय? झाड मागं लागेल त्याच्या."

ती नेलिदाला घेऊन झोपडीत गेली. लेनार्ट सदऱ्यांच्या घड्या घालत होता, बाहीला बाही लावून. एर्मेलिंदानं बसायचंही नाकारलं.

"सांग ह्याला. झाड तुझ्यावर नाही रागावलं. माझ्यावर रागावलंय. मी माशात मीठ घातलं. ती नदीबिदी काही नव्हती, मीठ होतं."

नेलिदा आईकडे बघतच राहिली. "आई! तू?"

"सांग आधी. मग तोंड वास."

नेलिदानं सांगितलं. लेनार्टला वाटलं, आपल्याला भाषा कळली नाही. तिनं परत सांगितलं. मग त्यानं हातातला सदरा खाली ठेवला आणि एकच शब्द विचारला. तो एर्मेलिंदालाही कळला. का?

"का म्हणजे?" ती चिडलीच. "तुझं तोंड बघवत नव्हतं म्हणून! नियम आहे, मला माहीत आहे. तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण समोर माणूस असं गिळतोय आणि वाटी हाताशी आहे, तर हात जाणार नाही का? दगड आहे का मी?"

नेलिदानं तेही सांगितलं, चिडण्यासकट. लेनार्ट खाटेवर बसला. आणि मग तो बोलायला लागला, तिच्याकडे न बघता, तुटक तुटक, आणि नेलिदा मागोमाग सांगत गेली. त्याच्या आईचं हृदय अधू झालं होतं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. शेवटचे दिवस होते, सगळ्यांना माहीत होतं. ती त्याला म्हणायची, लेनार्ट, बटाट्यावर एक चिमूट घाल रे, काही चव नाही. तो म्हणायचा, नाही आई, नियम आहे. रोज मागायची. रोज नाही म्हणायचा. मीठ स्वयंपाकघरात होतं, चार पावलांवर. ती गेली त्या दुपारीही तिनं मागितलं होतं.

"इथलं पथ्य ऐकलं तेव्हा वाटलं, हे बरोबर आहे," नेलिदा त्याचे शब्द सांगत होती. "मीठ नाही. हेच मला हवं. आणि तुम्ही... तुम्ही घातलंत."

लेनार्ट एवढं म्हणाला आणि छातीवरचं झाकण उडालं. रडायची सवय नसलेला माणूस फार वाईट रडतो. आधी नाकातून विचित्र आवाज आला, म्हशीला ठसका लागावा तसा. मग तो मोठा, उंच देह मुडपून घेऊन त्यानं असा हंबरडा फोडला की बाहेरच्या कोंबड्या ओरडत पांगल्या.

आमच्याकडे कुणी एकट्यानं रडत नाही. तशी रीतच नाही. हंबरडा ऐकून अंगणातल्या बायका नक्षी टाकून धावत आल्या आणि रुफिना पुढे झाली. "काय नाव होतं म्हातारीचं?" तिनं दरडावून विचारलं. नावाशिवाय रडणार कसं?

"गुनिला," लेनार्ट कसाबसा म्हणाला.

रुफिनानं डोक्यावर फडकं ओढलं आणि सूर लावला. "गुनिला गं, कुठं गेलीस, एवढ्या लांब लेकराला टाकून कुठं गेलीस..." बाकीच्यांनी सूर धरला. जिला कधी पाहिलं नाही, जिच्या गावचा बर्फ कधी स्वप्नातही आला नाही, त्या बाईसाठी त्या मनापासून रडल्या. त्यात आपापल्या मेलेल्यांचंही थोडं थोडं मिसळलं असेल, तसं ते नेहमीच मिसळतं. लेनार्टनं मान वर करून एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि मग त्यांच्याबरोबर, त्यांच्याच सुरात, बेसूर रडायला लागला.

तेओबाल्दो आला तेव्हा सगळे थकून नाकं पुसत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "बोबिन्साना वाया जात नाही कधी."

"हो ना," एर्मेलिंदा म्हणाली. "घे श्रेय. तुझ्या बायकांनीच केलं सगळं."

रुफिना फिस्सकन हसली. तेओबाल्दोनं ऐकलं नाही असं दाखवलं. पथ्य उतरवायचं ते मिठानंच उतरवतात. झाडाला गाण्यातून निरोप द्यायचा, माफी मागायची, आणि मग जिभेवर मीठ ठेवायचं. तो लेनार्टसमोर मांडी घालून बसला, डोक्यावर धूर सोडला आणि गायला लागला. गाताना दोन ठिकाणी त्यानं 'ह्या बाईलाही माफ कर' असं घातलं, ते एर्मेलिंदानं बरोबर ऐकलं. गाणं संपलं तसं त्यानं मिठाची वाटी उचलली आणि, आजवर कधी केलं नव्हतं, ती बायकोच्या हातात दिली.

"तूच दे."

तिनं लेनार्टच्या जिभेवर चिमूट ठेवली. त्यानं डोळे मिटले. मग डोळे उघडून तळहात पुढे केला आणि नेलिदाकडे न बघता, आमच्याच भाषेतले जे चार शब्द शिकला होता त्यांतून जुळवून म्हणाला, "अजून एक. आईची."

एर्मेलिंदानं त्याच्या तळहातावर दुसरी चिमूट ठेवली, पहिलीपेक्षा मोठी. "खा बाबा," ती म्हणाली. "तिच्या वाटचंही तूच खा." त्यानं ते जिभेनं टिपून खाल्लं आणि परत रडायला लागला, आणि नेलिदानं त्यानंतर कुणाचंच बोलणं कुणाला सांगितलं नाही.